सुमीचं दार

"ते दार काढून टाका. मग म्हणाल तिथं सही करतो."

मगदूम सरांचं हे पहिलं वाक्य. नमस्कार नाही, या-बसा नाही. मी अजून चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. समोर होतं ते त्यांच्या घराचं दार, मिरजेतल्या एका शांत कॉलनीतलं, हिरव्या रंगाचं, कडी जरा निखळलेली. क्षणभर मला वाटलं, मला सुतारीण समजले की काय.

"कुठलं दार, सर?"

"सुमीचं. आणखी कुठलं?"

मागून काकूंचा आवाज आला, "अहो, आत तरी घ्या की तिला. पुण्यासनं आलीय पोर."

सर बाजूला झाले, पण चेहरा तसाच.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी तेव्हा पुण्यात एका छोट्या कंपनीत कामाला होते. आमचा धंदा जरा जगावेगळा होता. जुने भीतीचे कॉम्प्युटर गेम, जे आता कुठल्याच नव्या मशिनवर चालत नाहीत, ते हुडकून काढायचे, ज्यांचे असतील त्यांची परवानगी घ्यायची आणि आजच्या कॉम्प्युटरवर चालते करून पुन्हा बाजारात आणायचे. भीतीचे म्हणजे हाणामारीचे नव्हेत. हातात धड शस्त्र नाही, टॉर्चचे सेल संपत आलेत, आणि अंधाऱ्या इमारतीतून जिवंत बाहेर पडायचंय, अशा जातीचे. लहानपणी हे गेम खेळून ज्यांची झोप उडाली होती ती माणसं आता कमावती झाली होती आणि तीच भीती पुन्हा विकत घ्यायला राजी होती. माणसाचं काही सांगता येत नाही.

कामातली खरी कटकट वेगाची. जुने गेम मशिनच्या वेगावर चालायचे. नव्या मशिनवर लावले की भूत एसटी पकडायला निघाल्यासारखं पळतं आणि खेळणारा घाबरायचं सोडून हसत सुटतो. म्हणून आम्ही नव्या मशिनला जुनं असल्याचं सोंग घ्यायला लावायचो. मग भूत पुन्हा त्याच्या चालीनं चालायला लागायचं.

बहुतेक गेम परदेशी असायचे. 'आरोग्यधाम' हा एकटाच आपला. पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवणाऱ्या भूपाल मगदूम नावाच्या मास्तरांनी तो घरी बसून एकट्यानं लिहिला होता. सांगली, कोल्हापूर, इचलकरंजी एवढ्या टापूतल्या दुकानांत त्याच्या सीड्या विकल्या गेल्या, मग सीडीवरून सीडी निघत गेली आणि लिहिणाऱ्याचं नाव मागे पडलं. पण गेमचं नाव राहिलं. त्याचं कारण सुमी.

गेम असा. तुम्ही अँब्युलन्सचे ड्रायव्हर. डोंगरावरच्या एका बंद पडलेल्या क्षयरोगाच्या दवाखान्यात कुणाला तरी आणायला जाता आणि आत अडकता. पुढे काय काय होतं ते सोडा. शेवटाकडे एक लांब व्हरांडा लागतो. व्हरांड्यात एक बाक, बाकावर कागदाची पुडी, आणि समोर एक बंद दार. दाराआडून एक लहान मुलगी म्हणते, "जाऊ नका. येतेय मी." तेवढ्यात मागून स्ट्रेचरची चाकं वाजायला लागतात. ढकलणारं कुणी दिसत नाही, नुसतं स्ट्रेचर. आवाज जवळ येतो आणि खेळणारा पुडी उचलून पळतो. सगळे पळतात. सुमी आत राहते, अँब्युलन्स चालू होते, गेम संपतो.

ती मुलगी वाचते की नाही, यावर लोक इंटरनेटवर वर्षानुवर्षं भांडत होते. कुणी म्हणायचं, दार उघडतं, माझ्या आत्येभावानं पाहिलंय. आत्येभाव प्रत्येकाला असतो.

आणि आता सर म्हणत होते, ते दारच काढा.

"सर, या गेममधून सुमीचं दार काढायचं म्हणजे..." मी खुर्चीवर टेकत म्हटलं, "लोकांना तेवढंच तर आठवतं."

"म्हणून तर काढायचं."

काकूंनी पाणी आणलं. कुसुमकाकू सरांच्या अगदी उलट होत्या. बसल्या बसल्या माझं गाव, घर, आईवडील सगळं काढून घेतलं. "मुजावर? इचलकरंजीच्या? मग आमच्याच की तुम्ही! उगा पुण्याच्या म्हणून घाबरले मी." मग म्हणाल्या, "जेवून जायचं बरं का. आम्हा जैनांच्यात दिवस बुडायच्या आत जेवतात, तुम्हाला उशीर व्हायचा नाही."

भिंतीवर एका म्हाताऱ्या बाईंचा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला. शेजारी तेवढीच जागा मोकळी. मी तिकडं बघतेय हे काकूंच्या लक्षात आलं.

"ह्यांच्या आई. सासऱ्यांचा, अण्णांचापण फोटो हाय, पण कपाटात. हे लावू देत नाहीत."

"कुसुम, चहाचं बघ," सर म्हणाले. काकू आत गेल्या, पण जाताना माझ्याकडे बघून मान हलवली.

मी व्हरांड्यात येऊन कौस्तुभला फोन लावला. कौस्तुभ आमचा मालक, वयानं माझ्याएवढाच, आणि घाईत माझ्या चौपट. सरांची परवानगी मिळायच्या आधीच त्यानं 'आरोग्यधाम परत येतोय' अशी जाहिरात करून टाकली होती. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी.

"दार काढा म्हणतोय?" तो म्हणाला. "मग काढ ना! सुंठेवाचून खोकला गेला. एका दुपारचं काम आहे. भिंत घाल तिथं आणि सही घेऊन ये. सही नसेल तर आपण बुडालो, यास्मिन, एवढं लक्षात ठेव."

मी बरं म्हटलं. खरंच एका दुपारचं काम होतं. माझ्या लॅपटॉपवर गेम होताच. दाराच्या जागी भिंतीचं चित्र, मुलीचा आवाज बंद, झालं. पण माझ्यानं ते होणार नव्हतं, आणि का होणार नव्हतं ते कौस्तुभला सांगण्यासारखं नव्हतं.

आत आले तेव्हा सर चहा बशीत ओतून पीत होते. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं, म्हणून मी सरळ विचारलं.

"सर, तुम्ही म्हणाल तसं करू. पण का ते सांगा. एवढं जीव ओतून बनवलंय तुम्ही ते."

"तुम्हाला काय वाटतं, ते दार उघडतं का?"

"माहीत नाही."

"उघडतं." त्यांनी बशी खाली ठेवली. "दुसरं काही करायचं नाही. किल्ली नाही, कोडं नाही. नुसतं थांबायचं. ती म्हणते ना, जाऊ नका, येतेय मी? मग थांबायचं. स्ट्रेचर येतं, अगदी अंगावर येतं आणि बाजूनं निघून जातं. ते काही करत नाही. थोड्या वेळानं दार उघडतं आणि पोरगी बाहेर येते. तिचा हात धरून चालायला लागायचं. संपला गेम."

माझ्या अंगावर काटा आला. भीतीचा नव्हे.

"आणि हे कुणालाच माहीत नाही?"

"कोण थांबलंय माहीत व्हायला?" सर हसले, पण ते हसणं काही खरं नव्हतं. "मी वाचत असतो लोक काय लिहितात ते. रिटायर झाल्यापासून दुसरा धंदा काय मला? एकानंही लिहिलं नाही, की बाबा मी थांबलो आणि पोरगी आली. एकानंही नाही. काहीजण लिहितात, थांबलो पण काय होत नाही. थांबतात काय, चार श्वास घेतात आणि बोंब मारतात. आता तुम्ही हे सगळ्या जगाला विकणार. म्हणजे हजारो माणसं पुन्हा त्या पोरीला टाकून पळणार. ते परत बघायची माझी इच्छा नाही. दार काढा. मुलगीच नको तिथं. मग कुणी पळालं म्हणून कुणाचं काय जात नाही."

"सर, शेवटी गेमच आहे तो..."

"गेमच हाय," ते म्हणाले.

उत्तर काकूंनी दिलं. त्या दारात उभ्या होत्या, हाताला पीठ लागलेलं. "सांगा की तिला. त्यात काय लाजायचं?"

"तूच सांग."

मग काकूंनी सांगितलं, आणि सर खिडकीबाहेर बघत राहिले. सर सात-आठ वर्षांचे असताना त्यांना क्षय झाला होता. इथूनच जवळच्या एका आरोग्यधामात ठेवलं होतं. घर नांद्र्याला, वडील सांगलीत गुळाच्या अडतीवर दिवाणजी. दर रविवारी अण्णा भेटायला यायचे, येताना भडंगाची पुडी आणायचे. मुलांना वॉर्डात भेटू देत नसत, बाहेर बाकावर बसून बोलायचं. एका रविवारी अण्णा आले तेव्हा आत इंजेक्शनं चालली होती आणि दार लावलेलं होतं. भूपालनं आतून ओरडून सांगितलं, अण्णा, जाऊ नका, येतोय मी.

"दार उघडलं तेव्हा बाकावर नुसती पुडी होती," सर म्हणाले. "अण्णा गेले होते. शेवटची गाडी असायची त्यांची. मी काय मेलो नाही, बरा झालो, घरी आलो, शिकलो. तसं म्हटलं तर काहीच झालं नाही. पण मला ते काही..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. "तर ते असं हाय. अण्णा थांबले नाहीत, म्हणून मी असा खेळ लिहिला, की जो थांबेल त्याला पोर भेटेल. आणि काय झालं? कुणीच थांबलं नाही. जगात सगळे अण्णाच."

तेव्हा मी बोलून टाकलं. फार जपून ठेवलेलं होतं, पण बोलले.

"सर, मी थांबले होते."

"कुठं?"

"सुमीच्या दारापाशी. इचलकरंजीत एसटी स्टँडजवळ माझ्या मामूचा सायबर कॅफे होता. दुपारी मामू जेवायला घरी गेला की गल्ल्यावर मी. शाळेत होते तेव्हा. गिऱ्हाईक नसलं की मी हा गेम लावायची. आणि मला ते पुढं जाणं जमायचंच नाही. ती पोरगी म्हणते, येतेय मी, आणि आपण कसं जायचं? स्ट्रेचर आलं, गेलं, परत आलं. मी बसून राहिले. दार काही उघडलं नाही. मामू जेवून, झोप काढून परत आला तरी मी तिथंच. तो म्हणाला, नुसतं दार काय बघत बसलीयस, अक्कल गहाण टाकली काय, आणि मशीन बंद केलं."

माझी समजूत होती, सर खूश होतील. त्यांचा चेहरा उलट कडवट झाला.

"मॅडम, सही पाहिजे म्हणून असलं काही बोलू नका."

"सर, खरंच..."

"तुम्ही थांबला असता तर दार उघडलं असतं. मी लिहिलंय ते. मला सांगता?" ते उठले. "या, दाखवतो."

आतल्या खोलीत, क्रोशाच्या झाकणाखाली, त्यांचा जुना कॉम्प्युटर होता. ज्यावर गेम लिहिला तोच. झाकण काढून घडी करून ठेवलं, बटण दाबलं. मशीन खोकत खोकत सुरू झालं. सरांनी गेम लावला, शेवटचा व्हरांडा उघडला आणि हात की-बोर्डवरून उचलून मांडीवर ठेवले.

"जाऊ नका. येतेय मी."

मागून चाकांचा आवाज. इतक्या वर्षांनी, भर दुपारी, शेजारी माणूस बसलेला असतानाही माझी पाठ ताठ झाली. स्ट्रेचर आलं आणि गेलं. आम्ही थांबलो. काकूंनी चुलीवरची... गॅसवरची म्हणायला पाहिजे, सवयीनं चूल म्हणते मी, आमटी उतरवून ठेवली आणि त्यासुद्धा येऊन उभ्या राहिल्या.

दार उघडलं.

चित्र अगदीच साधं होतं, चौकटी-चौकटींचं, हात कुठला आणि पाय कुठला हे ठरवावं लागावं असं. दोन वेण्यांची मुलगी बाहेर आली, बाकावरची पुडी उचलली आणि हात पुढे केला. मला रडू आलं. उगीच सांगत नाही, खरंच आलं, आणि मी ते लपवलं नाही. ती अख्खी दुपार मी जिची वाट बघितली होती ती ही.

"बघितलंत?" सर म्हणाले. आवाज मघापेक्षा मऊ होता, पण निकाल तोच होता. "उघडतं. थांबणाऱ्याला उघडतं. तुम्ही लहान होता, थोडं बसला असाल, तुम्हाला फार वाटलं असेल. मी काय दोष देत नाही."

दार माझ्या डोळ्यांसमोर उघडलं होतं. मला स्वतःचीच शंका यायला लागली. माणूस लहानपणचं काहीबाही मनाशी धरून बसतो. पण मामू? मामूचं ते ओरडणं अजून कानात होतं. पुढं घरात माझं नावच पडलं होतं, 'दारवाली'. ते काही स्वप्नात नव्हतं.

"सर, मला एकदा माझ्या लॅपटॉपवर बघू द्या," मी म्हटलं. "तुमचं खरं निघालं तर आत्ता तुमच्यासमोर दाराची भिंत करते."

"बघा."

जेवणं झाली. काकूंनी आग्रह करकरून वाढलं, कांदा-लसूण नसलेली आमटी मी दोनदा घेतली. मग जेवणाच्या टेबलावरच लॅपटॉप उघडला. मी मशिनला इचलकरंजीच्या कॅफेतल्या मशीनचं सोंग घ्यायला लावलं, गेम सुरू केला आणि सरांसारखे हात मांडीवर ठेवले.

आम्ही बसलो. स्ट्रेचर आलं, गेलं. सर घड्याळ बघत होते. त्यांच्या मशीनवर दार उघडलं होतं तेवढा वेळ झाला. तेवढाच आणखी झाला. काकूंनी भांडी घासली. पुसली. फळीवर लावली. दार बंद.

"तुमच्या मशिनात काहीतरी बिघाड असेल," सर म्हणाले, पण त्यांची भुवई वर गेली होती.

मग मी मशिनला जरा जुनं केलं. आणखी जुनं केलं, सरांच्या त्या क्रोशाच्या झाकणाखालच्या मशीनइतकं. दार उघडलं, सुमी आली. पुन्हा कॅफेच्या मशीनइतकं नवं केलं. दार बंद. सर खुर्ची ओढून माझ्या शेजारी आले. आता ते मास्तर झाले होते.

"पुन्हा कर."

मी पुन्हा केलं. तोच प्रकार. इथंच घोडं पेंड खात होतं: जुन्या मशीनवर पोर बाहेर येत होती, नव्यावर येत नव्हती.

सर उठून आतल्या खोलीत गेले. मी मागोमाग गेले. त्यांनी जुन्या मशीनवर गेमचा मूळ प्रोग्राम उघडला, निळ्या पडद्यावर पिवळी अक्षरं. व्हरांड्याच्या ओळी शोधल्या. बोट पडद्याला लावून एक-एक ओळ खाली येत होते. एका ओळीवर बोट थांबलं.

ते इतका वेळ तिथंच राहिलं की काकू दारातून म्हणाल्या, "काय झालं वो? बरं वाटत नाही काय?"

"कुसुम," सर म्हणाले, "आपल्या जुन्या स्कूटरचा मीटर आठवतो? शेवटाला पोचला की परत शून्यावर यायचा?"

"मग?"

"ह्यात मी वेळ मोजायला तसलाच एक मीटर ठेवलाय. मशीन जेवढं चपळ तेवढा तो भराभर पळणार. म्हणून मी मशीनचा वेग बघून ठरवलं, मीटर अमुक आकड्याला पोचला की दार उघडायचं. चपळ मशीन असेल तर आकडा मोठा. माझं मशीन हळू, आकडा मीटरात बसतो. दुकानांत, कॅफेत नवी मशीनं आली, त्यांचा आकडा मोठा. एवढा मोठा की मीटरात मावतच नाही. मीटर पळतो, शेवटाला जातो, मागं येतो. परत पळतो. त्या आकड्याला कधी पोचतच नाही."

"म्हणजे?"

गेम सरांनी ज्या मशीनवर लिहिला त्याच मशीनवर तपासला होता. दुसरं मशीन कुठून आणणार होते, मास्तरांच्या पगारात तेच एक मुश्किलीनं आलं होतं. आपलं लेकरू आपल्याच अंगणात खेळवलं आणि धावतंय म्हणून खूश झाले.

"म्हणजे," ते म्हणाले, "कुणी कितीही थांबलं असतं तरी दार उघडलं नसतं."

काकूंनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. मला जिंकल्यासारखं अजिबात वाटत नव्हतं. एक म्हातारा माणूस स्वतःच्या हातची चूक बोटाखाली धरून बसला होता आणि ती मी दाखवली होती.

"सर, होतं असं," मी म्हटलं. "आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक गेममध्ये असलं काहीतरी असतंच. मोठमोठ्या कंपन्यांच्यासुद्धा."

त्यांचं लक्ष नव्हतं.

"पोरी," ते म्हणाले. मघापासून मी मॅडम होते. "तू खरंच थांबली होतीस."

"होय सर."

"आणि ते जे लिहितात, थांबलो पण काही होत नाही, तेपण थांबले होते."

"होय."

"मग तू उठलीस कशी?"

"उठले नाही सर. मामूनं उठवलं."

सरांनी मान हलवली, एकदा, दोनदा, आणि हलवतच राहिले. मग चष्मा काढला आणि नुसताच हातात धरून ठेवला.

"अण्णांना शिपायानं उठवलं होतं," ते म्हणाले.

काकू एकदम पुढे आल्या. "काय?"

"अण्णा म्हणायचे तसं. मी मोठा झाल्यावर एकदा विचारलं होतं त्यांना. म्हणाले, मी थांबलो होतो रे भूपाल. पार दिवे लागेपर्यंत थांबलो. गाडी गेली तरी थांबलो. दारच उघडलं नाही. शेवटी शिपायानं उठवलं, पुडी ठेवून चालत आलो घरी." सरांनी चष्मा मांडीवर ठेवला. "मी म्हटलं, अण्णा, खोटं बोलू नका. तुम्ही थांबला असता तर भेटला असता. जाईपर्यंत सांगत होते बिचारे. मी कधी खरं मानलं नाही."

काकूंनी सरांच्या खांद्यावर हात ठेवला. ओटा धुताना उठून आल्या होत्या, हात ओलाच होता आणि सरांच्या शर्टावर ओला डाग पडला. कुणी तो पुसला नाही.

थोड्या वेळानं दुरुस्ती करायला बसलो. ती खरं तर एका शब्दाची होती: मीटर मोठा करायचा. मूळ प्रोग्राम माझ्या लॅपटॉपवर उतरवून घेतला, सरांना म्हटलं, तुम्हीच करा, आणि त्यांनीच केली, एका बोटानं टाइप करत. मग गेम लावला. आजच्या मशीनच्या वेगानं लावला, कुठलंही सोंग न घेता. व्हरांडा आला, बाक आला, पुडी आली. "जाऊ नका. येतेय मी." स्ट्रेचर आलं, गेलं. आम्ही तिघं शाळेत बसावं तसे हात मांडीवर ठेवून बसलो.

दार उघडल्यावर सरांनी कागद मागितले आणि सह्या केल्या. प्रत्येक पानावर, न वाचता. मी म्हटलं, सर, वाचून तरी बघा. म्हणाले, दार राहतंय ना? मग काय वाचायचं?

मी पिशवी आवरत होते, दिवस कलायला लागला होता, तेव्हा बाहेरच्या खोलीतून सरांची हाक आली.

"कुसुम, अण्णांचा फोटो कुठं ठेवलायस गं?"

काकूंनी कपाट उघडल्याचा आवाज आला, साड्या बाजूला सारल्याचा आवाज आला. फोटो बाहेर आला, पदरानं पुसला गेला. टोपी घातलेला एक हडकुळा माणूस, कुठंतरी उशीर झाल्यासारखा कॅमेऱ्याकडे बघणारा. आईंच्या फोटोशेजारी जागा होतीच, पण खिळा नव्हता. हातोडी काही सापडेना. शेवटी सरांनी स्वयंपाकघरातून वरवंटा आणला, आणि काकू "अहो भिंत फुटंल, भिंत फुटंल" म्हणत असताना त्यांनी खिळा ठोकला.